उतार, खुर्ची आणि जाळीचं दार

वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले भाग एकमेकांत नीट बसतात का, हे तपासण्याचा मला वाळूजच्या एका कारखान्यात पगार मिळतो. घरी हेच काम फुकट असल्यामुळे मी ते केलं नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आमच्या सिडकोतल्या घराच्या दोन पायऱ्या डोंगराएवढ्या वाटायला लागल्या. आम्ही कामं वाटून घेतली. दाजींनी खुलताबादच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी उतार बनवायचा, ताईनं चाकांची खुर्ची भाड्यानं आणायची आणि मी समोर नवं जाळीचं दार बसवायचं. प्रत्येकानं आपापलं माप घेतलं. (दुसऱ्याचं कुणीच विचारलं नाही!)

आई घरी यायची त्या सकाळी दाजी उतार घेऊन हजर. "जयभीम! हत्ती चढला तरी वाकणार नाय!"

उताराला दोन्ही बाजूंनी भक्कम कठडे होते. तो पायऱ्यांवर ठेवला आणि कळलं, की माझं दार बाहेर उघडतं आणि कठड्याला अडून अर्ध्यातच थांबतं.

"दार बाहेर उघडणारं कशाला बसवलं?" दाजी तडकले.

"कठडे कुणी सांगितले होते?"

"भांडू नका," ताई म्हणाली. "खुर्ची जाती का बघू. बस तू."

मी बसलो. ताईनं पट्टाही आवळला. ("आईला बांधायचा तसाच!") दाजींनी मागून जोर लावला. खुर्ची चढली, दारात शिरली आणि चौकट नि अर्धवट उघडलेलं दार यांच्यात गच्च बसली! पट्ट्याचं बक्कल नेमकं दाराकडच्या फटीत, माझा एक हातही तिथंच अडकलेला. दार उघडावं, तर उतार हलवायला हवा. उतार हलवावा, तर त्यावर खुर्ची. आणि खुर्चीत मी, सत्त्याऐंशी किलो!

"पट्टा कापू का?" दाजींनी विचारलं.

"भाड्याचा हाय तो!" ताई किंचाळली. "कठडा कापा!"

दाजी लोखंडाची करवत घेऊन माझ्या कमरेशेजारी बसले. तेवढ्यात घरासमोर रिक्षा थांबली. माझी बायको सुनीता आईला घेऊन दोन तास आधीच आली होती! आई वॉकर धरून उतरली आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"ह्याला काय झालं?"

"तुझ्यासाठी तपासत होतो, आई."

"मला कशाला खुर्ची? डॉक्टर म्हणले, रोज चालायचं. मागच्या दारानं जाते मी. तिथं पायरीच नाय."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. आई बाजूच्या बोळातून निघाली. एकेक पाऊल, ठक, ठक. सुनीतानं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. वर्षभर भिंतीला धरून चालणारी माझी आई! माझे डोळे भरून आले. पुसायला एकच हात मोकळा होता.

एवढ्यात शेजारचे रफिकचाचा डाळिंबं घेऊन आले. पट्ट्यात आवळलेला मी, शेजारी करवत चालवणारे दाजी. त्यांनी पिशवी हळूच माझ्या मांडीवर ठेवली.

"बेटा, ऑपरेशन तो अम्मी का था ना?"

"आईचं झालं, चाचा," मी म्हणालो. "माझं अजून चालू आहे."