साडूंची गाडी आणि तांब्याभर दूध

आमच्या साडूंइतका बैलांचा पारखी जिंतूर तालुक्यात दुसरा नाही, आणि आजवर त्यांची जी काही फजिती झाली ती सगळी या एका पारखीपायीच झाली. बैल सोडून जगात इतरही वस्तू असतात आणि त्या वेगळ्या रीतीनं बघायच्या असतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मी सांगितलं असतं, पण माझं ते कशाला ऐकतील? मी मुलगी बघायला गेलो तेव्हा घरचे थोरले जावई म्हणून हे बैठकीत होते. मुलगी पोहे ठेवून आत गेली आणि खरं बघणं सुरू झालं ते माझं. मला दोनदा उठून बसायला लावलं, पान थुंकायच्या निमित्तानं अंगणापर्यंत चालवून आणलं, आणि मग सासऱ्यांच्या कानात, पण सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "खांद्यानं बारीक हाय, पर मारका न्हाई. घ्या." अशा रीतीनं माझं लग्न ठरलं. पुढं मी परभणीला शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण साडूंच्या लेखी मी अजूनही तो बारीक खांद्याचाच. नव्या वस्तूचं तर त्यांना वावडं. मोबाइल घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "ह्याचा आधीचा मालक कोण?" नवं म्हणजे वळण न लागलेला गोऱ्हा, त्याला वळण लावता लावता आपली हाडं मोडतात, हे त्यांचं ठाम मत.

या माणसाला साठीला टेकल्यावर मोटार घ्यावी लागली ती काही हौस म्हणून नव्हे. त्यांची एकुलती एक लेक वैशू, पाथरीकडं ऊसवाल्या घरात दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. पण विहीणबाई मोठ्या करारी. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "आमची सून एसटीत आन् जीपात आदळत जायची न्हाई. चांगली गाडी घिऊन या आन् न्या. सातव्यात न्या. आठवा लागला की मी उंबऱ्याभाईर पाऊल टाकू देणार न्हाई." व्याह्यांच्या दारात स्वतःची नवी गाडी उभी. आम्हीच आणून सोडतो, असं ते बिचारे भल्या मनानं म्हणाले. साडूंनी ते साफ उडवून लावलं. "लेकीला आणायला बापानं जायाचं असतंय. सासरच्या गाडीत बसून माहेरी आली तर बाप कशाला जिता हाय?" मग भाड्याची गाडी करा म्हटलं, तर म्हणे दुसऱ्याची गाडी आणि दुसऱ्याचा डायवर, दोघंही आपल्या लेकराला जपत न्हाईत. इकडं माझी थोरली मेहुणी, अक्का, रोज बोटांवर दिवस मोजून रडकुंडीला आलेली. लग्न झाल्यापासून पोर दोन दिवसांच्या वर माहेरी राहिली नव्हती. सातवा संपायच्या आत लेक घरी येते की नाही, हा एकच घोर सगळ्या घराला लागला होता.

परभणीला माझ्या ओळखीच्या एका तरुण प्राध्यापकाची जुनी गाडी विकायला निघाली होती. स्वस्त होती आणि का स्वस्त होती ते तिच्याकडं बघूनच कळत होतं. मीटर तीन लाख नव्वद हजार किलोमीटरवर येऊन कायमचं थांबलं होतं. पुढची चाल कोणी मोजलीच नव्हती. मी म्हणालो, "दादा, इतकी चाललेली गाडी कामून घ्यायलाव?" तर माझ्याकडंच कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "गुरुजी, एवढी चालली म्हंजी समदे रस्ते तोंडपाठ हायेत तिला. बसायचीच असती तर कवाच बसली असती." मग त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, पुढून पाहिली, मागून पाहिली, पाठीवर थाप मारून कातडी थरथरते का तेही पाहिलं. सौद्याची वेळ आली तशी खांद्यावरचं उपरणं काढलं, प्राध्यापकाचा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. बैलबाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं दाबायची, तोंडानं आकडा काढायचा नाही. प्राध्यापक बिचारा लातूर शहरात वाढलेला. हा म्हातारा आपला हात धरून का उभा आहे आणि मधूनमधून दोन बोटं का पिळतो आहे, हे त्याला काही केल्या कळेना. तो इतका लाजला की शेवटी "काका, तुम्ही म्हणाल ते" म्हणून मोकळा झाला. साडू मला डोळा मारून म्हणाले, "कच्चं हाय गडी."

पण कच्चे कोण होते ते दुसऱ्या दिवशी कळलं. बैल घेताना तो दमतो का, हे बघायचं असतं. त्यामुळं ट्रॅक्टरवर हात बसलेल्या साडूंनी ती गाडी परभणीत सकाळपासून दुपारपर्यंत पळवली, मध्ये एकदाही बंद केली नाही आणि तशीच पळवत जिंतूरला नेली. अक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि गाडी दारात उभी राहिली. ती उभीच राहिली. सकाळी चावी फिरवली तर हूं नाही की चूं नाही. गाडीचा स्टार्टर केव्हाच मेलेला होता. प्राध्यापकानं शेजाऱ्यांकडून ढकलून घेऊन सुरू केलेलीच गाडी आमच्यापुढं आणून उभी केली होती. मला राग आला. साडूंना आला नाही. "झोपंतून उठवून बघायाला पायजे होतं. माझीच चूक," एवढंच म्हणाले. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं तासभर खाली झोपून पाहिलं आणि हात पुसत सांगितलं, "दादा, इंजन एकदम फसकलास है. बाकी गाडी बदलना पडता."

मग सुरू झाली दुरुस्ती. स्टार्टर नवा घ्या म्हणून मिस्त्री घसा कोरडा करून थकला, पण साडूंनी भंगारातून अनुभवी स्टार्टर आणला. तो मनात आलं तर चालायचा आणि त्याच्या मनात फारसं यायचं नाही. त्यामुळं गाडी कायम उतारावर लावायची रीत पडली. जिंतुरात उतारांना तोटा नाही, पण पाहुणचाराची मोठी पंचाईत झाली. ज्यांच्या दारात उतार आहे त्यांच्याकडं साडू महिन्यातून चारदा जाऊ लागले, आणि सपाटीवर राहणाऱ्या सख्ख्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला गेलेच नाहीत. एक दार लागेना, त्याला गोठ्याची कडी बसवली. काच वर राहीना, तिला बाभळीची पाचर ठोकली. हे सगळं बघून मी एकदा तोंडावर "खटारा" म्हणून गेलो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मात्र मागच्या सीटला त्यांनी कसलीही तडजोड केली नाही. आतला जुना काथ्या काढून टाकला आणि घरच्या शेतातला नवा कापूस पिंजून आणून ती स्वतः भरली. मग परीक्षा. दर रविवारी मला परभणीहून बोलावून घ्यायचं, सीटवर काठोकाठ दुधाचा तांब्या ठेवायचा, शेजारी मला बसवायचं आणि गाडी खराब रस्त्यानं दहा कोस फिरवून आणायची. तांब्याला हात लावायचा नाही, फक्त किती सांडलं ते सांगायचं. पहिल्या रविवारी अर्धा तांब्या माझ्या पँटवर आला. लगेच मिस्त्रीकडं जाऊन मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले, तेही अर्थात अनुभवी. दुसऱ्या रविवारी पाव तांब्या. मग पाटे झाले, रबर झाले, टायर झाले. मी वैतागून म्हणालो, "दादा, अहो गाडी आहे ही, पाळणा नव्हे." ते समोर बघत म्हणाले, "गुरुजी, पोरीला सातवा चालू हाय. थेंब सांडला न्हाई पायजे." पुढच्या रविवारी मी जुनी पँट घालून गेलो.

आठवा लागायला चार दिवस उरले आणि आम्ही निघालो. घरासमोरच्या उतारावर गाडी सुरू केली ती पाथरीकडं जाईपर्यंत बंद म्हणून केली नाही. सेलूला चहा प्यालो तोही गाडीतच. मागं तांब्या होताच, शेवटची परीक्षा म्हणून. व्याह्यांच्या गावात शिरलो आणि साडूंचा चेहरा पडला. गाव परातीसारखं सपाट. चहूकडं ऊस आणि उतार म्हणून औषधाला नाही. साडूंनी गाडी दारात लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि हात धुऊन जेवायला बसले. व्याही म्हणाले, "बंद करा की गाडी." साडू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, तिला सवय हाय." पुरणपोळी वाढली, वर तूप आलं, बाहेर गाडी आपली धडधडते आहे. शेवटी व्याह्यांना ते बघवेना. पाहुण्यांचं डिझेल उगाच जळतंय म्हणून ते चांगुलपणानं उठले, गाडी बंद केली आणि चावी आणून साडूंच्या ताटाशेजारी ठेवली. सगळीकडं शांत झालं. साडूंचा घास हातातल्या हातात राहिला.

ओटी भरून झाली, वैशू नेसून तयार झाली, बॅगा ठेवल्या. साडूंनी कुलदैवताचं नाव घेऊन चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. गल्लीतली माणसं जमू लागली. साडूंच्या कपाळावर घाम आणि वैशूच्या डोळ्यांत पाणी. विहीणबाई पायऱ्या उतरून खाली आल्या तेव्हा मला वाटलं, संपलं, आता काही ही बाई पोरीला पाठवत नाही. त्यांनी मागचं दार उघडलं, कडी बघून नाक मुरडलं आणि सीटवर हात दाबून पाहिला. "ही गादी कुणी भरली?"

"त्यांनीच. घरच्या कापसानं," मी म्हणालो.

"आन् ह्यो तांब्या?"

मग मला राहवेना. रविवार, पाटे, माझ्या पँटी, सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या आणि तांब्यात बघत होत्या. जिंतुरापासून इथवर चार थेंबसुद्धा सांडले नव्हते. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि नवऱ्यावर ओरडल्या, "अवो, बघायलाव काय? लावा की हात! चालू झाल्यावर बसवू पोरीला." व्याही, जावई, गल्लीतले शेजारी, सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली आणि ती सुरू झाली. वैशूला बसवताना विहीणबाई साडूंना म्हणाल्या, "गाडी लय जुनी हाय तुमची. पर धाडते." साडूंनी उपरणं तोंडावर धरलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

दोन तासांच्या वाटेला आम्हाला पाच तास लागले. यथावकाश नात झाली. त्याआधीच साडूंनी जन्मात पहिल्यांदा एक नवी कोरी वस्तू विकत आणली होती, ती म्हणजे स्टार्टर. ऐन वेळी दवाखान्यात न्यायचं तर काय गाडी ढकलत बसू, म्हणाले. नात तीन महिन्यांची झाली तसे व्याह्यांचे फोन सुरू झाले, कधी धाडता? तर गाडी बिघडली, असं साडूंचं उत्तर. मी जिंतूरला गेलो होतो तेव्हा सहज चावी फिरवली. अर्ध्या चावीत गाडी सुरू झाली. ओट्यावर साडू नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी गाडी बंद केली. त्याच संध्याकाळी व्याह्यांचा मला फोन आला. "गुरुजी, तुमी तरी खरं सांगा, काय झालंय गाडीला?" खोटं बोलू नये, असं चौतीस वर्षं पोरांना सांगत आलेला मी म्हणालो, "नांदेडहून पार्ट यायचाय हो." व्याही म्हणाले, "यिऊ द्या सावकाश. आमाला बी दोन लेकी हायेत."

आठ दिवसांनी पार्ट आला. आम्ही वैशूला आणि बाळाला सोडून परत निघालो. दोघंच होतो. सेलूच्या अलीकडं साडूंनी गाडी बाजूला घेतली, उतरले, बॉनेट उघडून पाहिलं, वाकून खाली पाहिलं.

"काय झालं दादा?"

"कायतरी वाजायलंय गुरुजी. जाताना वाजत नव्हतं."

मी कान देऊन ऐकलं. मला वेगळं काहीच ऐकू आलं नाही. "मागं कुणी नसलं की वाजतेच गाडी," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. बॉनेट लावलं, येऊन बसले, पण गाडी काही हलवेनात. "गुरुजी, पंचमी कवा हाय हो औंदा? आणायला जावं लागंल."

मी मोजून अडीच महिने सांगितले.

"लय लांब हाय," ते म्हणाले आणि त्यांनी चावी फिरवली.