मोहाची ढेप

मुर्री गावातल्या आमच्या घरी मासोळ्या काचेत राहत, आणि त्या माझ्या होत्या. माहेर नवेगाव बांधचं, तळ्याच्या काठावरचं. सासरी तळं नाही म्हणून मी हिरमुसले, तेव्हा नवऱ्याने हलवायाच्या दुकानातली मिठाईची जुनी काचपेटी घरी आणून तिचे सांधे राळेने बुजवले. मी माहेराहून घागरीत मासोळ्या आणि पाणवेली आणल्या. शेजारणी बघायला येत. मी मिरवत असे, लपवू कशाला?

उन्हाळ्यात वेली पिवळ्या पडल्या. सासरे धानाचे पक्के शेतकरी. त्यांच्या मते दुनियेतल्या प्रत्येक रोपाला औषध एकच, ढेप, म्हणजे बियांचं तेल काढून उरलेली पेंड. एका दुपारी ते कुटलेली ढेप मुठीत घेऊन पेटीजवळ आले.

आमच्याकडे जवसाची ढेप असते तशी मोहाचीही, आणि बोलताना दोन्हींना नुसतं ढेपच म्हणतात. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खत म्हणून दोन्ही चालतात. पण मोहाची पाण्यात पडली की मासे उलटे होऊन वर येतात. आमच्या तळ्याकडे डबक्यातले मासे असेच धरत. सासऱ्यांच्या मुठीतली मोहाची होती, वासावरूनच मी ओळखलं.

पंचाईत ही की सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नसे. जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत, आणि त्या विहिरीवर गेलेल्या. मासोळ्यांना तेवढी सवड नव्हती. मी पदर सावरून पेटीपुढे उभी राहिले.

"मामाजी, टाकू नोका. मोहाची होय ते. मासोळ्या मरतीन."

त्यांनी मूठ मिटली. मी पेटीपुढून हलले नाही.

"मंग झाडाले का देवाव?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जुनं, कुजून वाळलेलं शेणखत चिमूटभर घ्यायचं, चिकणमातीच्या गोळीत बंद करायचं आणि मुळाशी, रेतीखाली पुरायचं. पाण्यात सुटता कामा नये. नवं पान फुटेपर्यंत दुसरी गोळी नाही. गोळी त्यांनी स्वतःच वळली. फार मोठी झाली, म्हणून मी ती मोडायला लावली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. मी लगेच रीतीवर आले आणि त्यांना म्हटलं, पेटीवर फार ऊन येतं, मामाजींना तेवढं सांगा.

"तिले कायले सांगतेस?" सासरे म्हणाले. "मी आयकूनच राहिलो नं. मलेच सांग."

सासूबाई भरली घागर कमरेवर घेऊन तशाच थांबल्या. मला एकदम रडू आलं.