सावंतांचं छत आणि मंदाचे डबे

"बघा साहेब, बघा! आज नाही तर उद्या हे आमच्या डोक्यावर येणार!"

सावंत माझं मनगट धरून छताकडे बोट दाखवत होते. वाशीतली नवी वसाहत, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. हॉलच्या मधोमध खरंच तडा गेला होता, चांगला हातभर. त्याला लागूनच छतात दोन लोखंडी कड्या होत्या.

"या कशाच्या?"

"नातवाच्या पाळण्याच्या. तो आता शाळेत जातो. ते सोडा हो! वर जाऊन बघा. कांबळ्यांची मंदा रोज सकाळी वजनं उचलते. मुलीच्या जातीला हे शोभतं का?"

शोभण्याचं खातं माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे स्लॅब होता. स्लॅब म्हणजे एकाचं छत आणि दुसऱ्याची जमीन, त्यामुळे भांडणाला कायम जागा. ऑफिसातून निघताना माझ्या साहेबांनी बजावलं होतं, "तडा वरच्या वजनांमुळे असेल, तर वजनं आजच बंद. लेखी ऑर्डर काढ."

वरच्या मजल्यावर कांबळ्यांनी दार उघडलं. केमिकल कंपनीतून नुकतेच ड्युटी संपवून आले होते. मूळचे लातूरकडचे. मला बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, पोरीला अडवू नगा. पोलीस भरती तोंडावर आलीया. गोळा लांब गेला नाही तर तिथूनच घरी."

मंदाने आपलं सामान दाखवलं आणि मी खूश झालो! प्लंबरने टाकून दिलेला पाइप आणि त्याच्या दोन टोकांना काँक्रीटने भरलेले वनस्पती तुपाचे डबे. सगळं स्वतः केलेलं. शेजारी एक फुटका डबाही होता, त्यातून नुसता चुरा गळत होता.

"हा पहिला," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी फुटला."

"पाणी मारलं होतंस?"

"कशाला? वाळलं की घट्ट होतं ना?"

मग मला कोण थांबवणार! काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, त्याला बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं. याला आम्ही क्युरिंग म्हणतो. ताकद हळूहळू येते. घाईने वजन टाकलं की फुटतं.

मंदा हसायला लागली. "आमच्या पीटीच्या बाई पण सेम बोलल्या. पहिल्याच दिवशी मी भरलेले डबे उचलले आणि कंबर धरली. मग बाई म्हणाल्या, आधी नुसता पाइप. पाठ सरळ, वाकायचं ते गुडघ्यात. सवय झाली की डबे लाव."

आता ती पाइप डब्यांसकट डोक्यावर न्यायची आणि खाली ठेवताना दुमडलेल्या गोधडीवर ठेवायची. मला मुलगी फार आवडली. पण आवडीवर रिपोर्ट लिहिता येत नाही.

मी खाली आलो आणि पिशवीतून काचेची पातळ पट्टी काढली. आमची ही जुनी युक्ती आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने पट्टी आडवी चिकटवायची. तडा जरासा हलला तरी काच तुटते, कुणी कितीही आरडाओरडा केला तरी ती खोटं बोलत नाही.

प्लास्टर घट्ट होईपर्यंत बिल्डिंग जमली. काच तुटली तर मंदाची वजनं बंद, हे सगळ्यांना कळलं होतं. कांबळे दारात उभे होते, आत यायलाही तयार नव्हते.

"चालू कर!" सावंत गॅलरीतून ओरडले.

वरून धप्प आवाज आला. आम्ही सगळे माना वर करून. काच शाबूत. पुन्हा धप्प. शाबूत.

"जोरात! अजून जोरात!" सावंतांना इतका चेव आला की तेच तिचे कोच वाटायला लागले. मंदाने गोधडीसुद्धा काढली. काच ढिम्म हलली नाही.

शेवटी ती घाम पुसत खाली आली. सावंत टाचा उंचावून काच निरखत होते. आणि सावंतवहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"अहो, झोपाळा लावू का? साहेब येणार म्हणून काढून ठेवलाय. तुम्हाला त्याशिवाय चहा जात नाही."

सगळ्यांच्या नजरा छतातल्या कड्यांकडे वळल्या. मी म्हटलं, "लावा ना वहिनी. सावंत, बसा. चहा गार होईल."

दारामागून फळी आली, साखळ्या कड्यांत अडकल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. सावंत अलगद बसले, सवयीने पायाने रेटा दिला.

टक!

काचेचे दोन तुकडे झाले. कांबळे एवढ्या जोरात हसले की वहिनींचा ट्रे हलला. मी तर उडीच मारली!

हातोडीने ठोकून पाहिलं. कड्यांभोवतीचं प्लास्टर भदभद वाजत होतं, म्हणजे आतून सुटलेलं. सावंतांनी हौसेने स्लॅब खोदून सळईत कड्या अडकवल्या होत्या.

"गावच्या घरात माझा आजा बसायचा झोपाळ्यावर," ते पडेल आवाजात म्हणाले. "काय नाय झालं कधी."

"तिथे तुळई होती, सावंत. इथे तिच्यासारखं जाड काही नाही."

कड्या निघाल्या, छत दुरुस्त झालं. सावंतांनी झोपाळ्यासाठी लोखंडी स्टँड करून घेतला. तो इतका जड की टेम्पोवाल्याने खालीच टाकला. जिन्यावरून वर कुणी आणला असेल? एक बाजू सावंत आणि कांबळ्यांनी मिळून धरली होती, दुसरी मंदाने एकटीने.

भरतीत तिचा गोळा रेघेच्या बराच पुढे पडला. पेढे सावंतांनी वाटले, झोपाळ्यावर बसून.

नोकरीभर मी एक नियम पाळला. तक्रार कसलीही असो, ऑर्डर काढण्याआधी तक्रार करणाऱ्याच्या घरी चहा प्यायचा.