धुळीचा खोकला

शेजारच्या खिडकीतून आज अडुळशाच्या काढ्याचा कडवट, ओलसर वास आला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. इतक्या वर्षांनीही या वासाने मला आधी राग येतो, आणि मग माझी थोरली जाऊ आठवते.

बहात्तरचा दुष्काळ. काष्टीच्या अलीकडच्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसू लागले आणि जाऊबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. मी गावातच शिक्षिका. शाळेच्या भिंतीवर क्षयाचा सरकारी तक्ता होता: न थांबणारा खोकला, संध्याकाळची कणकण, उतरत जाणारं वजन, थुंकीत रक्त, यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठा. मुलांकडून तो मी घोकून घेतला होता. आणि घरी त्यातली तीन लक्षणं चुलीपुढे बसून भाकरी थापत होती!

"खडीची धूळ हाय गं. काम सुटलं की खोकलाबी सुटंल," म्हणत जाऊबाई काढा उकळत ठेवायच्या. चोळ्या सैल झाल्या, तर म्हणे दुष्काळात कोण बाळसं धरतं? अंग तापलं, तर म्हणे दिवसभराचं ऊन. मी समजवायचे, चिडायचे, अबोला धरायचे, त्या हसायच्या. असे चार महिने गेले.

एका दुपारी त्या मोरीत पदर धूत होत्या. पाणी लाल.

"पान खाल्लं हुतं." जन्मात पान न खाल्लेली बाई!

"जाऊबाई, चपला घाला," मी ओरडले, "नाहीतर तशाच ओढत नेईन."

त्या मोरीच्या कडेला बसल्या. "दवाखान्यात रोगाचं नाव निघालं की माझं ताट येगळं करत्याल समदी. तू तरी बसशील का माझ्याजवळ जेवायला?"

हो म्हणायला मला क्षणभर उशीर झाला. तो त्यांनी पाहिला, आणि तरीही चपला घातल्या.

नगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. "इतके दिवस काय करत होता?" विचारताना त्यांनी पाहिलं मात्र माझ्याकडे. शिकलेली मी होते ना!

दीड वर्ष सुया-गोळ्या चालल्या. जाऊबाई वाचल्या, पुढे नातवंडंही खेळवली त्यांनी. पण एक फुप्फुस कायमचं आखडलं. चढावर बोलणं अर्धं सोडून त्या श्वास गोळा करायच्या आणि मी शेजारी उभी राहायचे, चडफडत.

आता त्या नाहीत, राग आहे. आधी तो त्यांच्या हट्टावर होता, मग दुष्काळावर, आणि वय वाढलं तसा माझ्याकडे वळला. सगळा तक्ता तोंडपाठ असूनही चार महिने मी त्यांच्याशी नुसता वाद घातला. तुम्हाला भीती कशाची वाटते, एवढं एकदाही विचारलं नाही.