माझा बाप मेंढरं मोजत नाही

"हे घाल अन् मग वर जा."

माझ्या हातात लाल फ्रॉक कोंबला गेला. त्यावर बशीएवढी पिवळी बटणं, सोबत लोकरीच्या दोन वेण्या आणि पाकीटभर मोठ्या टिकल्या. मी छत्तीस वर्षांची बाई. वडवणीच्या पुढं एका मोठ्या रानात मांडव घातला होता, त्या मांडवाच्या मागं मी उभी होते. फ्रॉक देणाऱ्याला सगळे मालक म्हणतात. जमीन त्याची, मांडव त्याचा, निवडणुकीत आसपासची गावं त्याच्या शब्दावर. नातीचा वाढदिवस होता. फ्रॉक त्यानं खास शिवून घेतला होता, माझं माप विचारायची गरज त्याला वाटली नव्हती.

माझ्या मागं माझा बाप ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला होता. आम्ही गायला आलो होतो. फोनवर तसंच ठरलं होतं. कमानीवर मात्र माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो, तसल्याच फ्रॉकातला. खाली मोठ्या अक्षरांत: आपली लाडकी टिकलीताई. गाण्याचा एक शब्द कुठं नव्हता.

ही टिकलीताई कोण, ते सांगते.

आम्ही धनगर. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं चालणारे. शेतकरी खतासाठी आमचा कळप रानात बसवून घेतात, चार दिवस या शेतात, चार दिवस त्या. मला दिंद्रुडला आत्याकडं ठेवलं म्हणून माझी शाळा झाली. अंबाजोगाईला कॉलेज झालं. तिथं गॅदरिंगच्या नाटकात कामं केली, कुणीतरी कौतुक केलं, आणि मी पुण्याला जाऊन एका वाहिनीवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी परीक्षा दिली. निवडले गेले. सहा वर्षं रोज संध्याकाळी मी घराघरांत टिकलीताई होते. कोडी घालायची, बडबडगीतं म्हणायची, हसायचं. कार्यक्रम माझ्या हसण्यावर चालतो असं सगळे म्हणायचे.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक बाईंनी मला बाजूला घेतलं.

"हे 'हाय' आणि 'न्हाई' घरी ठेवून यायचं. आपल्या मुलांना घाण सवय लागेल."

आपली मुलं. त्यात माझ्या आत्याची मुलं धरलेली नव्हती. मला राग यायला हवा होता. मला लाज वाटली. तीन महिने आरशासमोर उभी राहून आईची भाषा जिभेवरून खरवडून काढली. एकदा आईला फोन केला तर ती म्हणाली, "कोण बाई बोलतंय?" मला तेव्हा हसू आलं होतं. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पण याहून वाईट पुढं आहे.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की कळपाला नजर लागते असं जुनी माणसं म्हणतात. पण मुळात मोजायची गरजच पडत नाही. सांजेला कळप परत आला की बाप एकदा नजर फिरवतो आणि सांगतो, "कानफाटी आली न्हाई. अन् त्या लंगडीचं धाकलं कुठं गेलं?" दोनशे तोंडं त्याला पाठ आहेत. आकडा विचारलात तर तो सांगणार नाही. कोण आजारी, कोण कुणाची लेक, ते विचारा.

एकदा चहाच्या सुट्टीत मी हे आमच्या लेखकाला सांगितलं. मोठ्या अभिमानानं सांगितलं, हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, "वा, हे वापरू या." मी खूश. माझा बाप टीव्हीवर येणार असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी संहिता हातात आली. पात्राचं नाव मेंढरूमामा. अंगावर घोंगडं, हातात काठी, तोंड कायम उघडं. त्याला मेंढ्या मोजता येत नाहीत. एक, दोन, सात म्हणतो. स्टुडिओतली मुलं ओरडतात. मग मी म्हणायचं, "अय्या मामा, तुम्हाला दहापर्यंतसुद्धा येत नाही?" आणि हसायचं.

मी म्हटलं. मी हसले. पोट धरून हसले. कुणी मानेवर सुरी ठेवलेली नव्हती. मुलांना तो मामा इतका आवडला की वर्षभर चालला, आणि वर्षभर मी हसत राहिले.

बापानं पहिला भाग एका शेतकऱ्याच्या अंगणात उभा राहून पाहिला. लेक टीव्हीवर दिसते म्हणून आईलाही सोबत नेलं होतं. त्या घरच्या पोरांनी तिथंच सुरू केलं, "मेंढरूमामा, दहापर्यंत म्हणा की!" मग पुढच्या गावात. मग त्याच्या पुढच्या. ज्या रानात कळप बसेल तिथं. बाप मान खाली घालून चालत राहिला. हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही माझं तिथलं काम सुटल्यावर. सुटलं म्हणजे काढून टाकलं. "चेहरा आता ताईसारखा दिसत नाही," एवढंच कारण.

मी परत आले. बाप ढोलावर ओव्या गायचा, देवापुढं सुंबरान मांडायचा. सुंबरान म्हणजे गाण्याच्या सुरुवातीचं स्मरण, देवांचं आणि आपल्या माणसांचं. लहानपणी ऐकलेलं, पुण्यात विसरलेलं. म्हटलं, आबा, मला शिकवा. तो म्हणाला, "गायचं आसंल तर तुज्या तोंडानं गा. त्या बाईच्या न्हाई."

'ती बाई' म्हणजे मीच. त्यानं शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

चार वर्षं शिकले. बाप ढोलावर, चुलतभाऊ झांजेवर, मी पुढं. जत्रेत गायलो, कॉलेजात गायलो. फोनवर लोक आमची गाणी ऐकायला लागले. आई फोन कानाला लावून म्हणाली, "आता वळखू येतीस."

म्हणून त्या मांडवात मी फ्रॉक बाजूच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "मालक, आमी गायला आलोय."

तो हसला. "गा की. कोण न्हाई म्हणलंय?"

आम्ही स्टेजवर गेलो. बापानं ढोलाला भंडारा लावला, कपाळाला लावला. मी सुंबरान मांडलं. एकदा मांडलं की ते मध्ये मोडायचं नाही, हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत असतं. समोर मालकाचे पाहुणे खुर्च्यांवर, पोरं पुढं सतरंजीवर. पोरं ऐकत होती. पोरं ऐकतातच, हे मला सहा वर्षांत कळलेलं एकमेव खरं.

दुसरी ओवी संपायच्या आत मालक वर आला आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"बास झालं देवाचं. पोरायला ते मेंढरूमामाचं करून दावा. म्हातारा हायच की घोंगड्यासकट." मग बापाकडं वळून, "ऊठ बे. मोज दहापर्यंत."

माणसं हसली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

आणि माझा बाप उठला. मालकाच्या रानात आमचा कळप दर साली बसतो. बाप उठला, हात जोडले, आणि म्हणाला, "एक."

मी काय सांगू तुम्हाला. त्याला दहापर्यंत येतं. शंभरपर्यंत येतं. तो मुद्दाम चुकला. "दोन," म्हणाला, आणि मग "सात." सगळ्यांना हसू यावं म्हणून. टीव्हीवर पाहिलं होतं तसंच. त्याला ते पाठ होतं. मी पाठ करून दिलं होतं.

मी मालकाच्या हातातून माईक हिसकावला. शब्द ठरवलेले नव्हते. जिभेवरून खरवडलेलं सगळं एकदम वर आलं.

"आबा, बसा खाली. पोरांनो, ऐका. त्यो मेंढरूमामा खोटा हाय. मीच खोटं सांगितलं अन् मीच हासले. माजा बाप मेंढरं मोजत न्हाई, कारण त्यो तोंडं वळखतो. मालक, तुमाला माणसांची तोंडं वळखू येत न्हाईत, म्हणून तुमी मतं मोजता."

कुणीच हसलं नाही. माईक बंद केला गेला. मालक शांतपणे म्हणाला, "उतर." नुसतं एवढंच.

आम्ही ढोल घेऊन उतरलो. रस्त्यापर्यंत बाप पुढं पुढं चालला. मग थांबला आणि माझ्यावरच उसळला.

"कावून बोललीस? दहाच तर म्हणायचं व्हतं मला."

"तुमी सात म्हणलात, आबा."

त्यानं तोंड फिरवलं. माझ्या बापाला रडताना मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यानं पाहू दिलं नाही.

दोन दिवसांत तीन शेतकऱ्यांचे निरोप आले की यंदा कळप नको. चौथ्या दिवशी मालकाचा माणूस दारात. म्हाताऱ्याला घेऊन ये, मालकाच्या पाया पड, विषय संपला. बाप पटका बांधायला लागला. त्याच्यापुढं दोनशे तोंडं आहेत, त्यांना रान पाहिजे. मला त्याचा राग आला नाही. मी दारात आडवी उभी राहिले.

"आबा, तुमाला जायचं आसंल तर माज्या अंगावरून जा."

त्यानं पटका सोडून खुंटीला लावला. आईला म्हणाला, "सामान बांध. लांबच्या रानाला जाऊ."

आता आम्ही तिकडंच आहोत. चालणं जास्त, चारा कमी. तीन मेंढरं गेली, बापानं तिन्ही नावानिशी सांगितली. मालकाला वाटतं, मी लांब गेले म्हणजे गप्प झाले. मी ओवी बांधते आहे. इथं मी त्याचं नाव लिहिलं नाही. ओवीत आहे, त्याच्या गावासकट आहे, आणि येत्या जत्रेत त्याच्याच तालुक्यात ती गाणार आहे. ढोलावर बाप असेल. त्यानं ऐकून होकार दिला आहे.

फक्त एक त्याच्या सांगण्यावरून बदललं नाही. तो म्हणाला, तुजं नाव काढ त्यातून. मी काढलं नाही. पहिल्या ओवीत मी हसते आहे. दुसरीपासून मालक.