आतोबांचा एक इंच

माझ्या आतोबांइतका जमिनीवर जपून वावरणारा माणूस सबंध मुंबईत दुसरा नसेल, आणि नेमका हाच माणूस सात वर्षं भर समुद्रात चालत्या बोटीवर लढाऊ विमान उतरवत होता, यावर मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत कोणाचाही विश्वास बसत नसे. माझाही बसत नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घाटकोपरच्या एका कचेरीत मला नोकरी लागली आणि मी चिपळूणहून आत्याकडे राहायला आले. तोपर्यंत आतोबा म्हणजे लग्नकार्यात भेटणारे, पाठ ताठ ठेवून जेवणारे गृहस्थ एवढंच मला ठाऊक होतं. नौदलातून निवृत्त होऊन ते भांडुपच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाले होते. रोज सकाळी स्कूटरला किक मारण्याआधी ते तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत, टायर दाबत, ब्रेकची तार ओढून बघत, पेट्रोलच्या टाकीत डोकावत आणि मग मागे बसणाऱ्याला सूचना देत. पहिल्या दिवशी मला ऑफिसला सोडायला निघाले तेव्हा ब्रेक निकामी झाला तर कोणत्या बाजूला उडी मारायची, हे त्यांनी मला अगदी प्रेमाने समजावून सांगितलं. मी बसने गेले.

वाऱ्याचं तर त्यांना वेडच होतं. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले कपडे कुणाचे, कसले, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते कोणत्या दिशेला उडताहेत एवढंच ते बघत. पण बघत अगदी मन लावून. शेवटी समोरच्या एक बाई आत्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमचे मिस्टर रोज सकाळी आमच्या साड्यांकडे टक लावून बघतात.’’ आत्या म्हणाली, ‘‘साड्यांकडे नाही हो, ते वारा बघतात.’’ या खुलाशाने बाईंचं समाधान झालं असं मला वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या गॅलरीत फक्त टॉवेल दिसू लागले.

घरातून बाहेर पडताना, मग ते बोरिवलीला लग्नाला जाणं असो की खाली दूध आणायला, आतोबा दारात उभे राहून घरात उरलेल्या माणसाला सांगून जात, ‘‘रेशनकार्ड कपाटात, डावीकडे, दुसरा कप्पा. विम्याचे कागद त्याच्याखाली.’’ मला आधी वाटलं, मी नवीन आहे म्हणून मला सांगतात. मग पाहिलं तर वीस वर्षं त्याच माणसाबरोबर संसार केलेल्या आत्यालाही ते रोज हेच सांगत, आणि ती रोज मान न वळवता ‘‘हो’’ म्हणत असे.

त्यांचे वडील मालवणकडचे, परळला गिरणीत होते. मुलगा नौदलात जाऊन विमान चालवणार हे कळल्यावर त्या म्हाताऱ्याने म्हणे बराच वेळ विचार केला आणि विचारलं, ‘‘चढतलंस ता समाजला. पण उतरतलंस खंय?’’ बोटीवर, असं उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, ‘‘मगे सरळ बोटीतच बस की.’’ ही गोष्ट आतोबा स्वतःच सांगत, वडिलांचा आवाज काढून, आणि दरवेळी हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. विमानाविषयी ते एवढंच बोलत. तिथून पुढची गोष्ट त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकली नव्हती.

मला मात्र ती ऐकायची होती, आणि त्याला कारण होतं आत्याचा लग्नातला फोटो. फोटोत आतोबा आत्यापेक्षा चांगले दोन इंच उंच होते. प्रत्यक्षात ते जेमतेम एक इंच उंच होते. मी विचारलं तर आत्या म्हणाली, ‘‘मी पाच फूट आठ इंचांच्या माणसाशी लग्न केलं होतं. नौदलाने मला पाच फूट सात इंचांचा परत केला.’’ जोर बसून मणके दबले, एवढंच तिने सांगितलं आणि ती तांदूळ निवडू लागली. आतोबांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘पडलो. भिजलो. बाहेर काढलं.’’ एका माणसाचा एक इंच गेल्याची सबंध हकिगत तीन वाक्यांत संपते, हे मला पटत नव्हतं. मी त्यांना चहा करून देताना विचारलं, भाजी निवडताना विचारलं, एकदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता विचारलं. तीच तीन वाक्यं आली.

हकिगत कळली ती शुभाच्या फॉर्मामुळे. शुभा म्हणजे माझी आतेबहीण, त्यांची एकुलती एक मुलगी. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॉलेजात फिजिक्स घेतलं होतं, वेणी घट्ट आणि बोलणं रोखठोक. एका शनिवारी जुहूच्या फ्लाइंग क्लबचा फॉर्म घेऊन ती घरी आली. तिला विमान चालवायला शिकायचं होतं. ती सज्ञान असली तरी क्लबला फॉर्मावर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. आतोबांनी तो उलटसुलट वाचला, नीट घडी घातली, ‘‘बघतो,’’ म्हणाले, आणि फॉर्म दिसेनासा झाला.

तीन आठवडे गेले. शुभाने आईशी बोलणं टाकलं. तिचा हिशेब सरळ होता. बाबा स्वतः वैमानिक, ते कशाला नाही म्हणतील? अडवत असणार ती आईच. मलाही तसंच वाटलं, कारण स्कूटर वेगाने गेली तरी आत्या आतोबांच्या खांद्यावर टकटक करत असे. आत्या मात्र मुलीचा अबोला मुकाट्याने सोसत राहिली. कात्री शोधायला म्हणून एका रविवारी मी आतोबांचा खण उघडला तेव्हा फॉर्म हाताला लागला. दोन सह्यांपैकी एक झालेली होती. आत्याची.

मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, ‘‘आत्या, यावर तर तुझी सही आहे गं.’’

‘‘असणारच. पहिल्याच दिवशी केली.’’

‘‘मग शुभाला सांगितलं का नाहीस?’’

‘‘बापाचं नाव पुढे करू? तिच्या नजरेत तो बाप केवढा आहे, माहीत आहे ना तुला?’’ असं म्हणून तिने गॅस बंद केला, हात पुसले, फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि बाहेर जाऊन आतोबांच्या वर्तमानपत्रावर ठेवला. शुभा खिडकीत बसली होती. तिने फॉर्म पाहिला, आईची सही पाहिली आणि खाली मान घातली.

आतोबांनी फॉर्म वर्तमानपत्रावर सरळ करून ठेवला. मग फॉर्माकडे बघतच म्हणाले, ‘‘मी नाही करू शकत.’’

‘‘का, ते सांगा तिला,’’ आत्या म्हणाली. ‘‘नुसतं पडलो, भिजलो नको.’’

आणि त्यांनी सांगितलं. बोटीवर धावायला जागा नसते, म्हणून गलोलीने दगड सोडावा तसं विमान पुढे सोडतात. त्या दिवशी ते सुटलं आणि लगेच इंजिन बंद पडलं. समोर पाणी. खुर्चीखालच्या स्फोटाने ते बाहेर फेकले गेले. एक इंच गेला तो तिथे. वीस मिनिटं ते पाण्यात होते. ‘‘लोक म्हणतात देव आठवतो. मला नाही आठवला. शुभा पाच वर्षांची होती. मला सारखं वाटत होतं, रेशनकार्ड कुठे ठेवलंय ते शुभाच्या आईला सांगितलेलं नाही. ही कुठे शोधणार? आता या पोरीने कुठल्या पाण्यात पडावं आणि काय आठवावं?’’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आत्या त्यांच्या समोर बसली. ‘‘गोव्याला नौदलाच्या वसाहतीत आम्ही सगळ्या वैमानिकांच्या बायका एका ओळीत राहायचो,’’ ती शुभाला म्हणाली. ‘‘भर दुपारी जीप सावकाश आत आली की ती कुणाच्या तरी अपघाताची बातमी घेऊन आलेली असायची. सगळ्या दारात यायच्या. ती कुणाच्या दारापाशी थांबते ते बघायचं. दुसरीच्या दारापाशी थांबली की सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग त्याची लाज वाटायची. मला हे सगळं माहीत आहे. तरी मी सही केली.’’

‘‘तरी?’’ आतोबांनी विचारलं. ‘‘डॉक्टरांनी माझं उडणं बंद केलं तेव्हा तू किती रडलीस. मला वाटलं, सुटलीस एकदाची.’’

‘‘सुटले म्हणून नाही रडले. तुम्ही डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, भाजी आणायला जातो. तुमच्या तोंडाकडे बघवलं नाही म्हणून रडले.’’

चौदा वर्षं हा माणूस एक समजूत मनात धरून जगला होता, आणि ती चूक होती. ते आत्याकडे असे बघत राहिले की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग त्यांनी पेन घेतलं, ते चालतं की नाही हे वर्तमानपत्राच्या कडेला तीन रेघा ओढून तपासलं, आणि सही केली. शुभा उठून आईजवळ गेली. तिला बोलायचं होतं, पण आत्याने तिला कणीक मळायला लावली.

शुभा एकटीने पहिल्यांदा विमान घेऊन वर गेली त्या दिवशी आम्ही तिघं जुहूला कुंपणाशी उभे होतो. विमानाने जमीन सोडली आणि आतोबांनी पाठ फिरवली. तोंड रस्त्याकडे. मग सगळी बातमी आत्या देऊ लागली, ‘‘वळली हो. अजून वळली. आता तिरकी झाली.’’ आतोबा रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत म्हणत होते, ‘‘तिरकी नाही, वळताना पंख कलतो.’’ ‘‘बरं, कलला. आता खाली येतेय. टेकली. अगंबाई, पुन्हा वर गेली. टेकली.’’ तेव्हा कुठे ते वळले. शुभा धावत आली, घामाने भिजलेली, आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. ‘‘छान,’’ आतोबा म्हणाले. ‘‘एका फेरीत दोनदा उतरलीस.’’ मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

पुढे तिला माणसं बरोबर नेण्याचं लायसन्स मिळालं. माझं लग्न ठरलं होतं, मुलुंड सुटणार होतं, म्हणून तिने एका रविवारी मला आणि आतोबांना नेलं. आत्या म्हणाली, मी जेवणाचं बघते, तुम्ही जा. आतोबा पुढे शुभाशेजारी बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत बसल्यासारखे. मी मागे होते. मढची खाडी खाली गेली, कोळ्यांच्या होड्या दिसल्या, मग नुसता समुद्र. शुभा म्हणाली, ‘‘बाबा, घ्या ना थोडा वेळ.’’ हे नियमात बसत होतं की नाही देव जाणे, आणि नियमाविरुद्ध आतोबांनी कधी रस्ताही ओलांडलेला नव्हता. त्यांनी हात उचलले, पुन्हा गुडघ्यांवर ठेवले, आणि मग पुढे केले.

मला मागून त्यांची मान आणि कान एवढंच दिसत होतं. विमान पूर्वीसारखंच चाललं होतं, पण त्याची थरथर कमी झाल्यासारखं मला वाटलं. कदाचित माझ्या मनाचे खेळ असतील. दूर एक करडी बोट उभी होती. नौदलाची असावी. आतोबांनी पंख हळूच तिच्या बाजूला कलवला, दुरूनच एक मोठं वळण घेतलं आणि किनाऱ्याकडे तोंड केलं. मग ते शुभाला म्हणाले, ‘‘घे. तुझं आहे.’’

खाली उतरल्यावर आम्ही लगेच घरी निघालो नाही. धावपट्टीच्या कडेला एक बाक होता, त्यावर आतोबा बसले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पाय गवतात ठेवले आणि ‘‘जरा बसू,’’ म्हणाले. शुभा त्यांच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी मनात आलेला प्रश्न गिळला. घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आत्या जेवण झाकून गॅलरीत उभी होती. उशीर का झाला, असं तिने विचारलं नाही. अन्न गरम केलं, पानं घेतली, आणि आमच्यासाठी उपाशी थांबलेली तीही तेव्हाच जेवायला बसली.