घोट्याची पकड

नाशिकरोड स्टेशनवर अण्णांनी, माझ्या वडलांनी, मला जवळ घेतलं नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी संपवून तसेच आले होते, शर्टावर राख होती. तरुणपणी ते कबड्डी खेळलेले, मलाही त्यांनीच तयार केलेलं. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "चढाईला चाललास. लय आत जा, पन रेघंवर परत यायला दम ठेव." मी म्हणालो, दोन वर्षांत येतो.

कॉलनीतल्या मित्रांनो, ती दोन वर्षं अजून सरायची आहेत.

मेलबर्नच्या गोदामात काम मिळालं आणि तिथल्या सोबत्यांनी एका शनिवारी मैदानावर ओढून नेलं. त्यांचा फुटबॉल वेगळाच. लांबट चेंडू, तो हातात घेऊन पळायचं, बुक्की मारून पुढे द्यायचा. त्या क्लबात आपल्याकडचा मी पहिलाच. पहिल्याच मॅचला चेंडू घेऊन सुटलेल्या एका धिप्पाड गड्यावर झेप टाकली, त्याचा घोटा धरला. गडी आडवा! मी छाती काढून उभा, तर शिट्टी माझ्याच नावानं. गुडघ्याखाली धरणं तिथं फाउल. पण जित्याची खोड, पुढची दहा वर्षं मी घोटेच धरत राहिलो.

स्वप्नात शिट्टी वाजत नाही. हिरवं गवत हळूहळू आपल्या कॉलनीच्या राखाडी मातीत विरतं, धुक्यात वीजकेंद्राची धुरांडी तरंगतात. लांबट चेंडू काखेत घेऊन मी 'कबड्डी, कबड्डी' घुमवत पळतो. रेघेपलीकडे अण्णा उभे असतात. हात काही पोचत नाही.

रिटायर झाल्यावर अण्णा महिनाभर इकडे आले. कानटोपी घालून मैदानाच्या कडेला बसले. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती. त्या दिवशीही मी घोटाच धरला. शिट्टी वाजली, सोबती वैतागले, आणि अख्ख्या मैदानात एकटे अण्णा उठून टाळ्या पिटायला लागले. "धरला रे, धरला!"

ते परत निघाले तेव्हा विमानतळावर विचारलंच, "अण्णा, मी आलो नाही. राग आहे ना?"

"व्हता, लय व्हता." मग खाली पाहिलं. माझी चार वर्षांची लेक माझ्या पायाला विळखा घालून बसली होती. म्हणाले, "येशील कसा? हिनं घोटा धरलाय तुझा. पकड पक्की हाय."

आणि आत निघून गेले.

मित्रांनो, अण्णा अजून संध्याकाळी आपल्या कॉलनीच्या मैदानावर येत असतील. त्यांना सांगा, मी धरला गेलोय, पण दम तुटलेला नाही. हात रेघेकडेच लांब केलेला आहे.